पुष्पाबाईंच्या आवाजाखाली

हे कुणाला सांगायचं नाही, असं हिलाल आबांनी मला बजावलंय. तरी सांगतेय. मी त्यांची पेटी.

जळगावात फुलचंदशेठच्या दुकानात माझे सूर जुळवले गेले आणि एसटीच्या टपावर बसून मी पारोळ्याजवळच्या या गावी आले. तेव्हा आबांच्या मिशा काळ्या होत्या. चाळीस वर्षं आम्ही देवळात भजनाला साथ केली. आबांची एक शिस्त होती. गाणारा श्वास घ्यायला थांबला की ती जागा पेटीनं भरायची. पुढे मंडळातली माणसं एकेक करून गेली आणि मी फळीवर गोधडीखाली बसले.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांची लेक लताबाई सुरतहून येऊ शकली नाही. सुनेचं बाळंतपण तोंडावर होतं. मातीच्या खापरावरची पुरणपोळी लताबाईला कधीच जमली नव्हती. म्हणून आईनं, पुष्पाबाईंनी, बोलत बोलत पोळ्या केल्या आणि नात हेमांगीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. दम्यानं पुष्पाबाईंचा आवाज खोल गेलाय. मागे काहीतरी हवं म्हणून हेमांगीनं तयार संगीत लावून पाहिलं. ढोल, नाहीतर सनई.

"हाई पोयीनं शे का वरातनं?" म्हणत आबांनी मला खाली काढलं.

किती दिवसांनी भात्यात हवा भरली! व्हिडिओ बघत आम्ही वाजवत गेलो. पुष्पाबाई थांबल्या की आम्ही आलोच. हेमांगीनं इअरफोन लावून ऐकलं, तिला आवडलं, तिनं पाठवलं.

लगेच सुरतहून फोन. "हेमा, नुसती पेटी वाजस वं! मायना आवाज कोठे शे?"

हेमांगीचा चेहरा पडला. मग तिनं मोबाईल चुलीजवळ ठेवून ऐकलं, जसं लताबाई ऐकणार होती. माझा सूर बंद करून पाहिला, तर आम्ही भरलेल्या जागांमध्ये बांगड्या वाजत होत्या, खापर चुरचुरत होतं. पोळी कधी काढायची, ते तर त्या आवाजावरूनच कळतं. हेमांगीनं मला सुरुवातीला आणि शेवटी ठेवलं, तेही अगदी हळू. मधलं सगळं पुसलं. आबांना मात्र काही बोलली नाही.

लताबाईच्या पोळ्या जमल्या. पण परवा दुपारी सगळे झोपलेले असताना आबांनी तो व्हिडिओ लावला. पहिली रिकामी जागा आली तशी त्यांची बोटं माझ्यावर सरकली आणि थांबली. मोबाईलमधून पुष्पाबाईंची धाप ऐकू येत होती.

"इतला दम लागस तिले," आबा मला म्हणाले. "माले कधी ऐकूच नही वना." डोळे पुसून पुन्हा म्हणाले, "पोरीले सांगू नको. तिले वाटी, आबा रागावना."

मला पुसलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता एकच वाटतं. पुन्हा कधी आम्ही पुष्पाबाईंना साथ केली आणि त्या श्वासासाठी थांबल्या, तर ती जागा आम्ही—

"ओ हेमाना आबा!" आतून पुष्पाबाईंनी हाक मारली. "लताना फोन वना, सून बायतीन व्हयनी. पेटी लई या, माले गानं म्हननं शे!"