हिरव्या स्टिकरचा दुधी

भाजी निवडायचं काम मी सव्वीस वर्षं केलं, आणि एवढ्या वर्षांत भाजीनं मला फारसं कधी फसवलं नाही. फसवलं ते माणसांनी. गाजर मऊ पडलं तर तसं सांगून टाकतं. टोमॅटोला सुरकुती पडली तर तो ती लपवत बसत नाही. कोबीची वरची चार पानं पिवळी झाली की ती सोलून काढायची, आत गड्डा पांढराशुभ्र असतो. वास घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचं, शंका आली तर चिरून बघायचं. एवढं साधं काम, पण आमच्या नव्या साहेबांना ते पटेना.

आमच्या वृद्धाश्रमात बासष्ट माणसं. स्वयंपाकाला माझी नणंद, निवडायला आणि चिरायला मी. मला या कामावर आणलं तेही वन्संनीच. घरी भांडायचं आणि इथं एकमेकींना सांभाळून घ्यायचं, असा आमचा न लिहिलेला करार होता. सकाळी टेम्पो आला की पहिला हात माझा. मी बाजूला काढलेली भाजी वन्सं कधी चुलीवर चढवणार नाहीत आणि मी दिलेल्या भाजीला कधी नाव ठेवणार नाहीत. मिठावरून मात्र आमची रोज जुंपायची.

मग हे साहेब आले. तिशीचे, नीटनेटके, सगळ्यांशी अहो-जाहो करणारे. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्टिकरची गुंडाळी आणली. भाजी आली त्या दिवशी क्रेटवर हिरवा स्टिकर, दोन दिवसांनी पिवळा, चौथ्या दिवशी लाल. हिरवं रांधायचं, लाल टाकायचं. पालकाला चार दिवस आणि कांद्यालाही चार दिवस! कांद्याच्या क्रेटला लाल स्टिकर लागलेला बघून वन्सं कोठीच्या दारामागे जाऊन पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या दिवसापासून साहेबांचं नाव स्टिकरसाहेब पडलं.

मला हसू आलं नाही. मी लाल क्रेटमधली गाजरं उचलून सूपमध्ये घातली. साहेबांनी ते पाहिलं आणि समज दिली. दुसऱ्यांदा त्यांनी मला दुधी चाखताना पकडलं.

दुधीचं असं आहे. तो वरून कितीही कोवळा, तुकतुकीत दिसला तरी एखादा आतून कडू निघतो. शिळा म्हणून नव्हे, जन्मतःच तसा. आणि कडू दुधी म्हणजे विषच. उलट्या, जुलाब, धडधाकट माणूस आडवा होतो. शिजवून ते जात नाही. म्हणून प्रत्येक दुधीची देठाकडची पातळ चकती कापायची, जिभेला लावायची आणि थुंकून टाकायची. मला हे माझ्या आईनं शिकवलं, आणि दुसरी कुठली युक्ती मला आजवर सापडलेली नाही.

"तुम्ही प्रत्येक भाजी तोंडाला लावता?" साहेबांनी विचारलं.

"भाजी नाही हो, चकती. ती टाकून देते. हातही धुते."

"हे आरोग्याच्या नियमात बसत नाही. कुणी बघितलं तर?"

"कुणी खाऊन आडवं पडलं तर?"

त्यांनी कागद पुढे केला. यापुढे मी केवळ स्टिकरनुसार भाजी वापरीन, कुठलाही पदार्थ कच्चा चाखणार नाही, तसं आढळल्यास मला कामावरून कमी करावं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. वन्संनी टेबलाखालून माझा हात दाबला. "वहिनी, पाच महिने तोंड मिटून काढा," त्या पुटपुटल्या. मी सही केली. त्या सहीची लाज मला अजून वाटते, ती लपवायचं कारण नाही.

बारा दिवस मी नियमानं वागले. उत्तम कोबी कचऱ्याच्या गाडीत टाकले. टणक, गोड कांदे टाकले. हातांना सांगावं लागायचं की गप्प बसा. घरी आले की मी भांडी आपटायची आणि नवरा बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचा.

तेराव्या दिवशी दुधी आले. बावीस होते, सगळे हिरव्या स्टिकरचे, दृष्ट लागावी असे. मी एकही चाखला नाही. सोलले, चिरले, वन्संनी मोठ्या पातेल्यात चढवले. रिकाम्या क्रेटची वेळ वहीत लिहून सही करायची, हाही साहेबांचाच नियम. वहीची पानं ओलीनं चिकटली होती. मी सवयीनं अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

अंगठा इतका कडू लागला की डोळ्यांत पाणी आलं.

मी चूळ भरली आणि पातेल्याकडे धावले. एक फोड चमच्यावर काढून निववली, जिभेला लावली, थुंकली. पातेलंभर तेच. वन्संनीही लावून बघितली आणि गॅस बंद केला. बाराला वीस मिनिटं कमी होती. बाराला जेवणाची घंटा.

साहेब आले ते घड्याळ बघतच.

"सगळे हिरवेच होते ना?"

"हिरवेच होते. एक-दोन कडू निघालेत, आणि आता सगळं एकत्र झालंय."

"मग थोडी साखर टाका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "साखरेनं चव झाकेल, साहेब. विष कसं झाकेल?"

"विष वगैरे काय बोलता! उगाच राईचा पर्वत करू नका. हिरव्या स्टिकरचं अन्न टाकलं तर वर उत्तर मला द्यावं लागतं."

"मग एक वाटी तुम्ही खा. आत्ता, माझ्यासमोर."

"मी डबा आणतो," ते म्हणाले. चेष्टेनं नव्हे हं, अगदी सरळ सांगितलं त्यांनी. "वाढायला घ्या. हा माझा आदेश आहे, आणि तुमची सही माझ्याकडे आहे." एवढं बोलून ते गेले.

मी पातेल्यापाशी उभी राहिले. आमच्या माणसांना दिवसाला आठ-आठ गोळ्या. त्यांची जीभ कडूला कडू म्हणायचं विसरून गेलेली. त्यातली चौदा माणसं खालच्या मजल्यावर पडून असतात, त्यांना चमच्यानं भरवावं लागतं. ती नाही म्हणत नाहीत. त्यातल्या कित्येकांना नाही म्हणताच येत नाही. त्यांच्या वतीनं नाही म्हणायला या इमारतीत एकच जीभ होती, आणि तिला मी बारा दिवस कुलूप घालून ठेवलं होतं.

मी मोरीवरची भांडी घासायच्या साबणाची बाटली उचलली आणि पातेल्यात उपडी केली.

"वहिनी!" वन्सं ओरडल्या.

"आता साखर टाका म्हणावं," मी म्हटलं. फेस पातेल्याच्या काठापर्यंत वर आला.

कचऱ्याची गाडी एकला येते. मागच्या दारात लाल स्टिकरचे सहा क्रेट तिची वाट बघत होते. मी ते ओढून आत आणले आणि ओट्यावर ओतले. गाजरं वाकत होती, पण मोडल्यावर आतून केशरी, रसरशीत होती. ती घेतली. टोमॅटो सुरकुतलेले, सालीला कुठे चीर नाही. घेतले. त्यात तिघांच्या देठाशी पांढरी बुरशी होती, ते टाकले, आणि त्यांना खेटून बसलेला चौथाही टाकला. बटाट्यांना डोळे फुटलेले, ते खोल कोरून काढले. पण दोन बटाटे सालीखाली हिरवे होते. ते सरळ बाहेर, तिथं दयामाया नाही. कांद्यांना कोंब आलेले, ते कोंबासकट चिरले. पालक मात्र गेला होता. चिकट झाला होता, वास येत होता. त्याचा स्टिकर खरा होता आणि मी तो मान्य केला. लाल म्हणजे सगळं चांगलं, असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. बघून ठरवा, एवढंच म्हणणं होतं.

वन्संनी दुसरं पातेलं चढवलं आणि मी चिरेन तसं त्यात टाकत गेल्या.

घंटा पस्तीस मिनिटं उशिरा झाली. जेवणघरात निवृत्त शिक्षिका बाई पहिल्या टेबलावर असतात. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज अजून वर्गातला. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "आज काय झालं?"

"बाई, दुधी कडू निघाला म्हणून फेकला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ही भाजी साहेबांनी कचऱ्यात टाकायला काढलेली आहे. मी स्वतः निवडलीय. कुणाला नको असेल तर भात आणि दही आहे. आधी मी खाते, तुम्ही बघा."

मी उभ्याउभ्या एक वाटी संपवली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग चमचा उचलला. दोघांनी दहीभात मागितला, त्यांना तो दिला. बाकीचे जेवले. साहेब दारात येऊन उभे होते, लालबुंद.

दोन वाजता त्यांनी मला आत बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आदेश मोडला, अन्न नासवलं, टाकाऊ भाजी वाढली, अशी तीन कारणं. तिन्ही खरी होती. मी नाकारलं नाही.

घरी जाऊन मी रडले. भीतीनं थोडी आणि रागानं जास्त. नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला. "जाऊ दे ना. पाच महिने आधी निवृत्त झालीस असं समज. आता जरा बस."

"मी बसते. पण परवाचा दुधी चाखणार कोण?"

त्यानं बहिणीकडे बघितलं. वन्सं खाली मान घालून बसल्या होत्या. "माझ्याकडे येईपर्यंत तो चिरलेला असतो रे," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मी घाबरते. हिच्यासारखं मला नाही जमायचं."

मग मी रडणं थांबवलं. घाबरणाऱ्या माणसावर बासष्ट जणांचं पोट टाकणं बरं नव्हे.

टेम्पो दिवसाआड येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आश्रमाच्या फाटकाशी हजर होते, हातात माझी सुरी आणि पाण्याची बाटली. वॉचमन अवघडला. "काकू, तुम्हाला आत सोडू नका असं सांगितलंय."

"मग नको सोडूस."

टेम्पो वळणावर दिसला तशी मी रस्त्यात जाऊन हात केला. टेम्पोवाला मला वीस वर्षं ओळखतो. काय झालं ते त्याला सांगितलं. त्यानं मागची फळी पाडली आणि मी तिथंच रस्त्यावर निवडायला सुरुवात केली. दुधीची चकती, जिभेला, थू, पुढचा. चांगला निघाला की क्रेटमध्ये. क्रेट भरला की फाटकाच्या आतून वन्सं हात पुढे करून तो ओढून घेत होत्या. घाबरत होत्या, पण घेत होत्या.

वॉचमननं फोन केला असणार. साहेब स्कूटरवरून आले, हेल्मेटही काढलं नाही.

"काय चाललंय हे? तुम्हाला कामावरून काढलंय!"

"हो ना. म्हणून तर फाटकाच्या बाहेर उभी आहे."

"ही आश्रमाची भाजी आहे!"

"साहेब, तुम्ही पावतीवर सही करेपर्यंत माल माझा," टेम्पोवाला म्हणाला. "काकूंनी चाखल्याशिवाय मी तो उतरवत नाही."

मी काम चालू ठेवलं. सातव्या दुधीला जीभ लावली आणि आवळली. चूळ भरून टाकली. तो दुधी चांगला हातभर लांब होता, कोवळा, अंगावर लव अजून तशीच. मी आणखी एक चकती कापली आणि सुरीच्या टोकावर त्यांच्यापुढे धरली.

"जिभेला लावा. गिळू मात्र नका."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग वन्संकडे, मग वॉचमनकडे. अखेर त्यांनी हेल्मेट काढलं आणि चकती जिभेला लावली.

तोंड असं वाकडं झालं की टेम्पोवाल्यानं मान फिरवली. ते रस्त्याच्या कडेला जाऊन तीनदा थुंकले. मी बाटली दिली. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि तो हिरवागार दुधी हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"तरीही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसला होता, "मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही. कागद वर गेलाय."

"मी विचारलं कुठे?" मी म्हटलं आणि आठवा दुधी उचलला.