कडूबाईच्या घरचा उंबरा

मी उंबरा बोलतोय. परळीच्या अलीकडे करंजदरा नावाचं लहानसं ठेसन आहे. तिथल्या फलाटाच्या कडेला, बायकांचा डबा थांबतो बरोबर त्या जागी, चार हात लांबीचा एक काळा दगड बसवलेला दिसेल. दोन्ही टोकांना कमळं कोरलेली, आणि दार फिरण्यासाठी केलेल्या दोन खळग्या. तो मी. फलाटाला उंबरा कशाला, असं तुमच्या मनात येईल. ज्यांच्या मनात ते वेळेवर यायला हवं होतं त्यांच्या आलं नाही, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझं घर जुन्या करंजदऱ्यात, वरच्या माळावर होतं. मला बसवलं त्याच दिवशी घरधन्यानं नियम घालून दिला. येईल त्यानं मला ओलांडावं, माझ्यावर पाय देऊ नये. माझ्यावर कुणी बसायचं नाही, माझ्यावर उभं राहून कुणाला काही द्यायचं नाही. रोज सकाळी पाणी, सणावाराला हळदकुंकू. माणसं देवाला फसवतात, भावाला फसवतात, पण उंबऱ्याचा मान मोडताना मी कुणाला पाहिलं नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

त्या घरात कडूबाई सून म्हणून आली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी, एवढाच हेतू. अकरा वर्षांची पोर उजव्या पायानं तांदळाचं माप लवंडून माझ्यावरून आत आली आणि लगेच मागं वळून बघू लागली, आई दिसते का म्हणून. सासूनं तिला जवळ घेतलं. घर चांगलं होतं.

मानमोडीचा ताप आला ते निजामाच्या मुलखातलं फसली तेराशे अठ्ठावीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठरा. नऊ दिवसांत सहा जण माझ्यावरून बाहेर गेले. आधी सासरा, मग सासू, मग थोरला दीर आणि जाऊ एकाच दिवशी, मग धाकटा दीर, शेवटी नवरा. खांदा द्यायला चौघं मिळेनात. नवऱ्याला कडूबाईनं आणि एका शेजाऱ्यानं घोंगडीत घालून नेलं. कुणाचं दहावं झालं नाही, तेरावं झालं नाही. मरणानं कडूबाईला खरंच थुंकून टाकलं. चार वर्षांच्या लेकीला, छबूला, कडेवर घेऊन ती खाली ओढ्याकाठच्या नव्या वस्तीत गेली. मागोमाग सगळं गाव उतरलं. दारं, तुळया, वासे लोकांनी काढून नेले. मी राहिलो.

आणि ते सहा राहिले.

दिवस मावळताना ते यायचे. भिंती पडल्या होत्या, कुठूनही आत जाता आलं असतं. पण ते माझ्यापुढंच येऊन थांबायचे. सासऱ्याचा खोकला, जावेच्या जोडव्यांची टकटक, मग शांतता. आतून कुणी 'या' म्हणावं आणि मग मला ओलांडावं, अशी ती माणसं. पण म्हणणार कोण? चौदा वर्षं मी ती पावलं ऐकली. घाबरलो नाही. घरच्या माणसांना काय घाबरायचं?

त्यातल्या दहाव्या वर्षी खाली रेल्वे आली. ठेसन झालं, पण फलाट झाला नाही. डब्याची पायरी बायकांच्या छातीला लागायची. म्हाताऱ्या माणसांना पोत्यासारखं वर लोटावं लागायचं. ठेसनमास्तर भला माणूस होता. त्यानं वर तीन अर्ज पाठवले. वरून उत्तर आलं, करंजदऱ्याला प्रवासी थोडे आहेत. चढताच येत नाही म्हणून थोडे आहेत, एवढं कळायला विलायतेत शिकावं लागत नाही. पण अर्जावर शिक्का मारणाऱ्याला करंजदऱ्याला गाडीत चढायचं नसतं.

शेवटी हरिबा उठला. चार बैलांचा शेतकरी, तोंडानं फाटका, मनानं सरळ. पारावर म्हणाला, "सायबाच्या तोंडाकडं किती दिस बघायचं बे? आपल्याला हात न्हाईत का? आपुनच बांधू फलाट."

"अन् रानातली कामं काय तुझा आजा करील का?" कुणीतरी विचारलं.

"अवसंला बांधू. अवसंला बैल जुपत न्हाईत, औत बंद. तवा बसून चिलीम ओढता का न्हाई? त्यापरीस दगुड उचला."

सगळे हसले आणि ठरलं. दर अमावस्येला गाव ठेसनावर. मजुरी नाही, भाकरी ज्याची त्यानं आणायची. बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गाडी नाही. दगड दोरानं बांबूला बांधून माणसांच्याच खांद्यावरून आणायचे. बायकांनी मातीच्या पाट्या टाकायच्या. हरिबाची बायको सावित्रीबाई सगळ्यांच्या पुढं. कडूबाईही पाट्या टाकायची. मी पुढं जे सांगणार आहे त्यावरून या लोकांना कुणी नावं ठेवू नयेत. पगारी माणसांनी चार वर्षांत जे केलं नाही ते यांनी सात अमावस्यांत करून दाखवलं. ठेसनाला कुंपण घातलं, लिंबाची झाडं लावली, पाण्याचा रांजण मांडला.

पण फलाटाला घडीव दगड हवा होता, आणि तो जुन्या गावात आयता पडला होता. मेलेल्यांच्या घरांचे दगड अमावस्येच्या दिवशी उचलून आणायचे, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. एरवी अमावस्येला नखं न काढणारी माणसं! दिवस मोकळा होता, दगड जवळ होता, एवढंच त्यांनी पाहिलं.

सातव्या अमावस्येला बांबूला लटकून मी माळ उतरलो. माझ्यामागं ते सहा जण चालत आले. आता त्यांचं घर म्हणजे मी एकटाच उरलो होतो.

मला बघताच कडूबाईच्या हातातली पाटी सुटली. फलाट रचणाऱ्या सिदू पाथरवटाला ती म्हणाली, "सिदू, ह्यो आमचा उंबरा हाय रं."

"मंग काय करू, वयनी? असा घोटीव दगुड दुसरा न्हाई. बायांचा डबा हितंच थांबतो, हितं ह्योच शोभंल."

"उलटा तरी घाल."

"खालून लई वबडधोबड हाय. बायांला ठेचा लागतील."

तिनं पदरानं माझ्यावरची माती पुसली. मग म्हणाली, "घाल. पर ह्यावर कुणी पाय देऊ नगा. आमची सा मान्सं ह्यावरून गेल्यात."

विधवेनं कुंकू वाहायचं नाही, म्हणून तिनं सावित्रीबाईला हाताला धरून आणलं. सावित्रीबाईनं माझ्या दोन्ही कमळांवर हळदकुंकू लावलं. चौदा वर्षांनी मला कुणीतरी उंबरा म्हटलं. मी सुखावलो. अपघात त्याच घटकेला झाला. तो दिसायला मात्र दोन महिने लागले.

कारण आता पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक झालं की हा उंबरा आहे. गाडी आली की बायका मला ओलांडू लागल्या. हातभर रुंद मी, माझ्यापुढं वीतभर फट, मग डब्याची पायरी. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं, आणि एवढी लांब ढांग. गाडी थांबणार दोन मिनिटं. ठेसनमास्तर कळवळून ओरडायचा, "अरे अम्मा, पत्थर पे पाँव रखो ना!"

बायका हसायच्या. "ह्येंच्या घरी उंबऱ्यावर पाय देत्यात जनू!"

पौषात सावित्रीबाई बहिणीला भेटायला परळीला निघाली. डोक्यावर बोरांची पाटी होती. तिनं मला वाकून नमस्कार केला, लुगडं सावरलं आणि ढांग टाकली. पायरी तिच्या अंगठ्याला लागली आणि सुटली. ती फटीत गेली, आणि गाडी हलली. आरडाओरडा झाला, गाडी थांबली. तिसऱ्या दिवशी सावित्रीबाई वारली.

वरून एक साहेब आला. त्यानं फलाटावर चहा घेतला, दगडकामाची तारीफ केली आणि वहीत लिहिलं: प्रवाशाची गफलत. पुढच्या महिन्यात कागदावर आणखी एक ओळ चढली, की करंजदऱ्याचा फलाट खात्यानं बांधला. मरण गावाचं, बांधकाम त्यांचं. हा हिशेब मांडणाऱ्यांचे हात मला एकदा जवळून बघायचे आहेत, त्यांना दगड उचलल्याचा एक तरी घट्टा आहे का ते.

पण साहेबाचा राग साहेबावर निघत नाही. तो जवळ कोण दुबळं आहे ते शोधतो. गावात कुजबुज सुरू झाली, की अमावस्येला दगड उचलला तेव्हा कडूबाईचे मेलेले संगं आले, आणि त्यांनीच सावित्रीचा पाय ओढला. हरिबालाही ते पटलं. माणसाला दुःखात कुणीतरी गुन्हेगार लागतो. कडूबाईच्या घरचं पाणी बंद झालं. विहिरीवर ती आली की बाया दोर आवरू लागल्या.

ते सहा तिथं होते, हे खरं आहे. पण मी सांगतो, त्यांनी ओढलं नाही. सावित्रीबाई गेली तेव्हा जोडव्यांचा आवाज माझ्यावरून धावत गेला. जावेनं दोन्ही हातांनी तिला धरलं होतं. मेलेल्या हातांनी माणूस सावरत नाही.

छबू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. परळीहून तिच्या सासूचा निरोप आला: भुताच्या दारात आमचं लेकरू जन्माला नको. शुक्रवारच्या गाडीनं पोर पाठवा, नाहीतर कायमची ठेवून घ्या. न्यायला जावई आला, उत्तरेश्वर. तो बिचारा आईपुढं काही बोलू शकत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं ठेसनावर आली. फलाट लहान, बायकांचा डबा माझ्यापुढंच थांबणार. दुसरीकडं नुसता खडीचा उतार. हरिबा आधीच येऊन बसला होता, मांडीवर घण घेऊन. "ही गाडी जाऊ दे," तो सिदूला म्हणाला, "मंग ह्याचं खांडोळं करतो."

गाडी आली. उत्तरेश्वर पायरीवर चढला आणि त्यानं हात पुढं केला. छबू माझ्याजवळ आली आणि थांबली. आठवा महिना संपत आला होता.

"माय, मला ढांग टाकता यायची न्हाई."

"मंग पाय ठिव."

"आजा-आजीच्या उंबऱ्यावर? न्हाई ठिवायची मी. लेकरू हाय माझ्या पोटात."

"अगं, गाडी चालली!"

"चालली तर चालली. एक बाई मेली हितं, माय."

शिट्टी झाली. कडूबाई पुढं आली. वाकून तिनं बोटं मला लावली आणि कपाळाला लावली. मग डावा पाय माझ्यावर ठेवला, मग उजवा. सून होऊन आल्यापासून तिचं वजन मला कधी कळलं नव्हतं. फार हलकी होती.

"बघ," ती ओरडली, "उभी हाय मी! घर न्हाई तितं उंबरा कसला? गेलं आपलं घर. गेले समदे. दगुड हाय ह्यो. ठिव पाय, छबे!"

तिच्या दोन पावलांशेजारी छबूनं पाय ठेवला. आईनं कंबर धरली, नवऱ्यानं हात ओढला, आणि ती नीट वर गेली. गाडी निघून गेली.

कडूबाई तशीच उभी होती. हरिबा घण घेऊन आला. "उतर, कडू."

"उतरते. पर आयक. माझ्या मान्सांनी तुझी कारभारीण न्हाई वढली. म्या वढली. म्या तिच्या हातानं कुंकू लावलं, म्हणून ती लांब ढांग टाकाया गेली. फोडायचं तर आधी मला फोड."

हरिबा घण टाकून खाली बसला. "अन् दगुड आणा म्हणून कोण बोंबललं व्हतं?" तो म्हणाला. सिदूनं घण उचलून बाजूला नेला.

त्या वेळी ते सहा जण कडूबाईच्या मागंच उभे होते. घर गेलं, हे त्यांना घरच्या माणसानं पहिल्यांदाच सांगितलं होतं. सासरा आधी वळला. मग एकेक. शेवटी जोडवी वाजत रुळांच्या पलीकडं गेली. त्यानंतर ते मला कधी ऐकू आले नाहीत.

आता बायका माझ्यावर बिनदिक्कत पाय ठेवतात. कुंकू पावसानं धुऊन गेलं, कमळं झिजत चालली आहेत. कुणी पडलं नाही. छबूला मुलगा झाला. विहिरीवर दोर पुन्हा खाली सोडला जातो. खात्याच्या वहीत फलाट अजून खात्याचाच आहे; ती ओळ खोडून घ्यायला गावानं भांडावं, हे माझं मत मी लपवत नाही.

कडूबाई रोज संध्याकाळी गाडीच्या वेळी येते. फलाटावर माझ्यापासून दोन हातांवर उभी राहते आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते, "पाय नीट पडला का, माय?" परगावच्या बायका तिला वेडी समजून पदर आवरून निघून जातात. ती पुढच्या बाईकडं वळते.

तुम्ही कधी करंजदऱ्याला उतरलात तर माझ्यावर सगळा भार टाकून उतरा, मला ते चालतं. पण तिनं विचारलं तर घाईत पुढं जाऊ नका. थांबा आणि सांगा तिला: हो, नीट पडला.