घायपाताचा दांडा

तंजावुरात घरोघर केबल येऊ लागली, त्या साली वासुकीबाईंच्या अंगणातल्या घायपातानं अचानक फुलाचा दांडा काढला. सव्वीस वर्षं ते वाळवंटी झाड मुकाट बसलं होतं. आता रोज चार-चार बोटं वाढत ते गच्चीच्या वर गेलं आणि केबलवाल्याच्या वाटेत उभं राहिलं.

“दांडा तोडा, नाहीतर वायर ओढता येणार नाही,” तो म्हणाला.

वासुकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. क्रिकेटसाठी केबलचा हट्ट वेंकटरावांचाच होता.

“कळ्या आल्यात. हे जन्मात एकदाच फुलतं, मग मरतं,” त्या हळूच म्हणाल्या.

वेंकटरावांनी मान वर करून दांड्याचा शेंडा शोधला.

“आपली टीम पुढच्या वर्षीही हरेलच की. वायर तेव्हा ओढ, तंबी,” ते केबलवाल्या पोराला म्हणाले.