दांडी पडली की घंटा बंद

आमच्या ह्यांना कुणी 'साहेब' म्हटलं की हे विरघळलेच. रेल्वे फाटकाची दांडी, लाल दिवे आणि घंटा नीट चालू ठेवायची, एवढं एकच काम ह्यांच्यावर सोपवलंय. तेवढं तरी धड करावं की नाही?

फाटकाला लागून नवी इमारत झाली. तिथल्या सेक्रेटरीची घंटेने झोपमोड होते म्हणे! अरे, मग रुळांना खेटून घर घेतलंस कशाला? पण असं तोंडावर विचारायला धमक लागते. सेक्रेटरीने ह्यांना चहाला बोलावलं, "साहेब, तुमच्या हातात जादू आहे" म्हणाला, आणि हे चढले हरभऱ्याच्या झाडावर. दुसऱ्याच दिवशी फाटकाजवळचं लोखंडी कपाट उघडलं आणि आतली वायर बदलली. आधी गाडी पार होईपर्यंत घंटा वाजायची. आता दांडी आडवी झाली की गप्प.

"दिवे लुकलुकतात की," हे म्हणाले. "लोकांना दिसतं."

"आणि तुमच्या आईला?"

काचबिंदूने सासूबाईंचे दोन्ही डोळे गेल्यातच जमा आहेत. तरी रोज सकाळी काठी टेकत फाटकापलीकडे जातात. तिथे त्यांची बहीण अंथरुणाला खिळलीय, तिचे केस विंचरतात. ह्यांनीच त्यांना शिकवलंय: घंटा वाजतेय तोवर थांब, थांबली की चाल.

"सांगतो तिला," हे म्हणाले. सांगतायत! कौतुक ऐकण्यातून सवड मिळाली तर ना.

शेवटी मीच सांगितलं. सासूबाई फणकारल्या, "माझ्या लेकाची घंटा आहे ती. तू मला अक्कल शिकवू नकोस." आपला तो बाब्या! काठी उचलून तरातरा निघाल्याही. गॅस बंद करून मी अनवाणीच मागे धावले.

फाटकावर घंटा वाजत होती. दांडीच्या कडेने पायी जायची वाट आहे, तिथे सासूबाई शहाण्यासारख्या उभ्या होत्या. शेजारी ट्रकचं इंजिन घरघरत होतं, त्यात गाडीचा आवाज कुठला ऐकू यायला! आणि आमचे हे त्या कपाटाला टेकून सेक्रेटरीशी खिदळत होते. दांडी खाली आली. घंटा थांबली. सासूबाई चालायला लागल्या.

मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्यांना वाटलं, सून परत भांडायला आली. त्यांनी पाऊल आणखी पटपट उचललं. मी दंड धरून त्यांना असं हिसडलं की दोघी खडीवर आपटलो. समोरून गाडी धडधडत गेली. सासूबाईंचा गुडघा फुटला होता.

हे धावत आले. मला वाटलं, आता तरी आईचे पाय धरतील. कसलं काय! सेक्रेटरीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, अगं बघून चालायचं ना!"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. जिन्यावरच्या नुसत्या पावलांवरून लेकाला ओळखणारी ही बाई. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, हा कोण गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "सेक्रेटरीचा माणूस आहे."

त्यांनी मान हलवली.

"मग त्याला वाटेतून बाजूला हो म्हणावं."