पाकीट क्रमांक सात

कागद गिरणीच्या बॉयलर-घरात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला वाफेचा धाक नसतो. धाक असतो तो बेफिकिरीचा. सारी गिरणी ज्यांना फोरमन म्हणत असे आणि निवृत्तीनंतर घरीही ज्यांना तेच नाव चिकटले होते, ते गृहस्थ त्या सकाळी सहलीच्या सामानाच्या दुकानात एक पाकीट कानाशी धरून हलवत होते.

"काका, खुळखुळा नाहीये तो," दुकानदार म्हणाला. "जेवण आहे."

"म्हणूनच हलवतोय. मोठे तुकडे वेगळे वाजतात."

दुकानदाराने हात टेकले. त्याच्या मागच्या फळ्यांवर गोठवून वाळवलेल्या जेवणांची पाकिटे ओळीने उभी होती. तंबू ठोकून राहणारे आणि गाडीतून लांबवर भटकणारे लोक ती नेत. उकळते पाणी ओतायचे, तोंड मिटायचे, दहा मिनिटांनी खायचे.

"वजनाला पीस आणि वर्षानुवर्षं टिकतं," तो म्हणाला. "तुम्हाला काय आवडतं ते सांगा, मी काढून देतो."

"आवडीचा प्रश्न नाही. गिळता आलं पाहिजे."

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचे हसू ओसरले. त्याने मुकाट्याने प्रत्येक प्रकारातले एकेक अशी अकरा पाकिटे काउंटरवर मांडली.

फोरमनच्या पत्नीच्या घशातली गाठ किरणांनी जाळली त्याला सहा महिने झाले होते. गाठ गेली, पण जाताना निम्मा घसा घेऊन गेली. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टने आडपडदा न ठेवता सांगितले होते, "काट्याने दाबल्यावर सपाट होईल तेवढंच तोंडात जाऊ द्या. टणक काही श्वासनलिकेत उतरलं, तर फुप्फुसांना संसर्ग होईल. हा महिना ठसक्याशिवाय गेला आणि वजन टिकलं, तर उत्तम. नाहीतर पोटातून नळी घालावी लागेल, आणि ती बहुधा कायमची."

कर्करोगाच्या नावाने जिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, ती त्या नळीच्या नावाने मात्र रडली. "तोंड असून उपाशी राहायचं," एवढेच ती म्हणाली.

नेमक्या त्याच महिन्यात तिला धाकट्या बहिणीकडे जायचे होते. बहीण डोंगरापलीकडच्या गावात अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती आणि दोघींची दोन वर्षांत भेट नव्हती. रस्ता दोन दिवसांचा. वाटेवरच्या खाणावळींतले काहीही तिला चालणारे नव्हते, आणि घरून वाटून नेलेले अन्न दुसऱ्या दिवशी आंबले असते. म्हणून ही पाकिटे.

फोरमननी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा थाटली. वहीत रकाने आखले: पाणी किती, मिनिटे किती, सर्वांत मोठा तुकडा केवढा, काट्याची चाचणी. तीन आठवडे दुपारचे जेवण याच कामात जाई. मक्याचा दाणा अर्ध्या तासानेही दाद देत नव्हता. वाटाण्याची साल टाळूला चिकटे. भात सुटा होऊन घशात पांगे, आणि बटाट्याचा चिकट गोळा जागच्या जागी बसून राही. आठ पाकिटांवर एकामागून एक फुली पडली.

"अहो फोरमनसाहेब," पत्नी बसक्या आवाजात म्हणाली, "उरलं काय मग?"

"तीन. दोन सुपं आहेत आणि एक पातळ डाळ."

"म्हणजे तुमच्या गिरणीतला लगदा! चौतीस वर्षं कागदासाठी केलात, आता बायकोसाठी करा." मग तिने डोळे मिचकावले. "एक तरी चावायचं ठेवा की. दातांना विसर पडेल माझ्या."

तिच्या त्या शब्दाखातर फोरमननी फुली मारलेल्या सातव्या प्रकाराची आणखी पाकिटे दुकानातून आणली. कोंबडी आणि गाजराचा रस्सा, अर्ध्या बोटाएवढे तुकडे. आठ मिनिटांत तुकड्यांचा गाभा कोरडा राहत होता. दहा मिनिटांत लोण्यासारखा होत होता. त्यांनी तीन वेगवेगळ्या पाकिटांवर तीनदा चाचणी घेतली. तिन्ही वेळा दहा मिनिटे पुरली. सातव्या ओळीतली फुली खोडून त्यांनी तिथे बरोबरची खूण केली, आणि तिने त्या रश्श्याची वाटी चाटूनपुसून खाल्ली.

पहिला दिवस निर्विघ्न गेला. दुसऱ्या दिवशी घाट सुरू झाला. वळणांमागून वळणे चढत गाडी वर निघाली, कानांत दडे बसू लागले. दुपारी ते खिंडीत पोहोचले. झाडे केव्हाच मागे राहिली होती. नुसता दगड, वारा, आणि पलीकडे उतरत गेलेला रस्ता.

"तो बघा रस्ता तिच्या गावाचा," पत्नी म्हणाली. "मला भूक लागलीय हो. खरीखुरी भूक. कितीतरी महिन्यांनी."

"काय देऊ? सूप?"

"आज चावायचं."

फोरमननी मागचे दार उघडून खोका बाहेर ओढला. सगळी पाकिटे उशांसारखी टम्म फुगली होती. खराब झाले की काय या शंकेने त्यांनी एकेक उलटसुलट पाहिले. शिवण शाबूत होती, तारीख पुढची होती, सातव्या क्रमांकाचे फोडले तर वासही चांगला होता. गाडीच्या आडोशाला त्यांनी गॅसची शेगडी पेटवली. पाणी घरच्यापेक्षा लवकर उकळ्या मारू लागले. नवी शेगडी चांगली निघाली, असे त्यांना वाटले, आणि ते तसे बोललेही.

पाणी ओतून त्यांनी घड्याळ लावले. बरोबर दहा मिनिटे. वरचा एक तुकडा काढून काट्याने दाबला. तो सपाट झाला. वहीत तीनदा उतरलेली गोष्ट चौथ्यांदा कशाला तपासायची!

तिने पहिला घास घेतला आणि मान डोलावली. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला ती क्षणभर थांबली, त्यांच्याकडे पाहिले, चावू लागली, आणि गिळला.

ठसका आला नाही. आधी नुसतीच एक विलक्षण शांतता आली. मग तिचे हात गळ्याकडे गेले. फोरमननी तिला पुढे वाकवून पाठीत तळव्याचे तडाखे दिले, मागून कवेत घेऊन पोट वर दाबले, शिकवले होते तसे सर्व केले. बऱ्याच वेळाने श्वास आत गेला, पण शिटीसारखा आवाज करीत. घाट उतरल्यावर, बहिणीच्या गावाच्या अलीकडच्या शहरात इस्पितळ होते. तिथवर त्यांनी गाडी कशी नेली, हे त्यांना नंतर आठवेना.

उजव्या फुप्फुसात तुकडा अडकला होता. तो काढला, ताप चढला, पाचव्या दिवशी पोटात नळी बसवली. डॉक्टरांनी कागदावर लिहिले: घाईने खाल्ल्यामुळे. पत्नीलाही तेच वाटत असावे, कारण शुद्धीवर येताच ती कुजबुजली, "माझीच चूक. हावरटासारखं केलं."

फोरमन तिचे कपडे आणायला गाडीकडे गेले. मागचे दार उघडले, खोका दिसला. पाकिटे चपटी झाली होती. दुकानात होती तशी, घरी होती तशी.

ते तिथेच उभे राहिले. फुगलेले पाकीट म्हणजे बाहेर हवेचा दाब कमी. दाब कमी, तर पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणूनच लवकर उकळते. उकळते दिसणारे ते पाणी घरच्या पाण्याइतके गरम नव्हतेच, आणि बोचऱ्या वाऱ्यात तेही झपाट्याने निवले असणार. दहा मिनिटे पुरणार कुठून? तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी, पहिल्या महिन्यात शिकवलेला धडा. चौतीस वर्षे ज्याच्या जोरावर भाकरी मिळवली, तोच. खिंडीत दोन खुणा त्यांच्या नाकासमोर आल्या होत्या. एकीची त्यांनी शिवण तपासली आणि दुसरीचे कौतुक केले.

हे फक्त त्यांनाच ठाऊक होते, आणि कागदावर डॉक्टरांची सही होती. ते गप्प बसले असते तर कोणी विचारले नसते. फोरमन वर गेले, पलंगाशी स्टूल ओढले आणि गिरणीत अपघाताचा अहवाल देत तसे, काही न गाळता, क्रमाने सांगितले. शेवटी म्हणाले, "चूक तुझी नाही. माझी आहे."

तिने नजर छताकडे वळवली.

"टणक लागला होता मला," ती म्हणाली. "तिसरा घास. कळलं होतं."

"मग थुंकला का नाहीस?"

"तीन आठवडे ओट्याशी उभे होतात हो. काटा घेऊन, वही घेऊन. तुमच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, आता थुंकला तर पुन्हा फुली मारत बसतील." तिने डोळे मिटले. "जाईल खाली, असं वाटलं."

 कोणत्याही रकान्यात बसणारे हे नव्हते.

मग परिचारिका आली. नळीतून अन्न कसे सोडायचे, किती उंचीवर धरायचे, आधी व नंतर किती पाणी, हे तिने त्यांना दाखवले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पिशवीतला फिकट द्रव घसा, जीभ, दात या कशालाही न शिवता उतरत राहिला.

"तुझ्या बहिणीला फोन केला," ते म्हणाले. "तुला हलवता येणार नाही, तिला येता येणार नाही. फोनवर नुसती रडत होती."

 पत्नीने विचारले, "पाच दिवस तुम्ही कुठे जेवताय?"

"खाली. जिन्यात."

"जिन्यात का?"

त्यांनी नजर नळीच्या पिशवीकडे वळवली.

"चोरासारखे जिन्यात बसून जेवू नका. इथे बसा."

"अगं, तुझ्यासमोर कसं..."

"बसा म्हटलं ना."

फोरमननी आपल्या कापडी पिशवीतून पाव काढला. सकाळचा होता, कडा वाळल्या होत्या. त्यांनी तुकडा मोडला आणि तोंडात घातला. ती कुशीवर वळली आणि टक लावून त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिली. घास खाली उतरेपर्यंत तिने पापणी लववली नाही. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, कारण ती वाट पाहत होती.