सरपणाविना पूस

मी एक जुनी चूल आहे. मित्रांनो, मला पाय नाहीत. जिथे थापली तिथेच जन्म काढायचा, तोंड उघडं ठेवून. कोणी काही घातलं तर नको म्हणायची सोय नाही.

सावली गावाकडच्या एका धानाच्या खेड्यात आशाबाईनं मला थापलं. ती नुकतीच लग्न होऊन आली होती. वारुळाची माती, धानाचा कोंडा आणि शेण मळून तिनं भांडं टेकायचे माझे कान असे नेटके काढले, की सासूही बोट ठेवू शकली नाही. जंगल अर्ध्या कोसावर. वर्षाला दोन गाड्या वाळलेलं लाकूड हक्कानं घरी यायचं, त्याला निस्तार म्हणत. धावडा तर असा जळायचा की धूर कसा तो नाहीच. "आशाबाईच्या चुलीवर भात लागत नाई वो," असं बाया म्हणायच्या आणि मी फुगायची.

मग मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली. गावाला वाटलं, जंगल आपलं झालं. कसलं आपलं! कडेनं सरकारी हद्दीचे दगडी मुनारे उभे राहिले आणि नाक्यावर जंगलखात्याचा नाकेदार येऊन बसला. गाडी बंद. हातानं मोडलेली काटकी डोक्यावर आणा, पण मुनाऱ्याच्या आत कुऱ्हाड दिसली की गुन्हा. दोन उन्हाळ्यांत जवळची काटकी संपली.

पुढे काय झालं ते या घरानं भोगलं. शेण बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खत म्हणून पडायचं, ते गोवऱ्या होऊन माझ्या तोंडात आलं. धान रोडावलं. परसातल्या बाडीचं कुंपण जाळलं, ढोरांनी वांगी खाऊन टाकली. एका वेळेचाच भात शिजू लागला, दुसऱ्या वेळी तोच थंडगार. ओल्या काटकीच्या धुरानं आशाबाईचे डोळे लाल झाले, ते लालच राहिले. कागदावर हे कोणी लिहिलं नाही. कागद लिहिणाऱ्यांच्या घरी चूल वेगळ्या लाकडावर पेटत होती.

त्या पुसात, पौषाच्या कडाक्यात, लेक चंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लेकरू दिवसांआधीच झालं, मुठीएवढं. सुईण बजावून गेली, "अंग गरम ठेवा. शेक चुकला तं लेकरू हातचं जाईन."

चार दिवसांत गोवऱ्या संपल्या. शेजारच्या इंदुताईनं दोन दिल्या, तिच्याकडे तिसरी नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे आशाबाईचा नवरा मुखरू जंगलात गेला. फांद्या त्यानं हातानंच मोडल्या. चूक एकच झाली. खांद्यावर कुऱ्हाड होती. आमच्याकडचा माणूस धोतर विसरेल, पण जंगलात जाताना कुऱ्हाड विसरणार नाही. बापानं घेतली, आजानं घेतली, म्हणून यानंही घेतली.

नाकेदारानं धरलं. "कुऱ्हाड कायले आणली बे?"

"अस्वलासाठी जी. लाकडाले लावली नाई. फांद्या पाहा ना, मोडल्या हायेत."

"अस्वल आलं तं माहं नाव सांगायचं."

"त्याले तुमचं नाव ठाऊक असन का साहेब?"

हे बोलायला नको होतं. मोळी जप्त झाली आणि शिक्षाही ठरली. नाक्यावरची सगळी लाकडं फोडून दे, मग घरी जा. आणि मित्रांनो, ती लाकडं मुखरूकडून त्याच्याच कुऱ्हाडीनं फोडून घेतली!

इकडे मी थंड पडत होते. राखेखालचा शेवटचा निखारा काळा पडू लागला. लेकराचं रडणं बारीक झालं, मग थांबलं.

"माय, याचे पाय गार लागून राह्यले वो," चंदा म्हणाली.

आशाबाईनं घरभर नजर फिरवली. भिंतीला नागर टेकवलेला होता, तिवसाच्या लाकडाचा, नवा. असं लाकूड आता जंगलातून मिळणार नव्हतं आणि नागराशिवाय पुढची बांधी पेरली जाणार नव्हती. तिनं लोखंडी फाळ ठोकून काढला. नागर उचलला, परत ठेवला.

"माय, लवकर!"

मग तिनं नागराचं टोक माझ्या तोंडात घातलं.

मी ओरडले असते. मला नको होता तो नागर. पण तिवस वाळलेला होता, त्यानं लगेच पेट घेतला. पाणी तापलं, फडकं तापलं. खूप वेळानं लेकरू ठसकलं आणि जे रडायला लागलं, ते थांबेना.

दिवस कलताना मुखरू आला. तळहात फोडांनी भरलेले. नाक्यावरची सारी कथा त्यानं दारातूनच सांगितली, बोलता बोलता भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नागर?"

"लेकराले शेकलं," आशाबाई म्हणाली. "मारायचं तं मले मार."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. नागराचा दांडा अजून अर्धा बाहेर होता. त्यानं तोही हळूच आत सरकवला.

"शेजारच्या झिंगूभाऊले मागतो त्याचा," तो म्हणाला. "त्याची पेरणी झाल्यावर तो देईन मले. आपली मागं पडन. पडू दे."

मित्रांनो, जंगल जपा, मी नाही म्हणत नाही. झाड गेलं तर सगळ्यांत आधी मीच उपाशी मरणार. पण जो कोणी कागदाच्या एका ओळीनं गावाचं सरपण बंद करतो, त्याला आधी पुसाच्या थंडीत एखाद्या बाळंतिणीच्या घरी नेऊन बसवा. लेकराचे पाय त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "साहेब, आता हे गरम करा."