खोट्या खिडकीचे खरे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. निदान लोक तसे म्हणतात. खरे तर मी भिंतीवरचा रंग आहे.

फ्रान्समधल्या आमच्या शहराचा हा राजचौक बांधला, तेव्हा चारी बाजू हुबेहूब सारख्या दिसाव्यात असा हुकूम होता. माझ्या जागी आत कोठार होते, त्याला खिडकीची गरज नव्हती. पण रांगेत एक खिडकी कमी पडली, म्हणून एका चित्रकाराला शिडीवर चढवले. त्याने माझ्या काचा रंगवल्या, किंचित सरकलेला पडदा रंगवला, पडद्याची सावलीसुद्धा सोडली नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो राजा चौकात ब्राँझच्या घोड्यावर बसला आहे, आणि तोही माझ्याकडे पाठ करून!

"अगदी खरी वाटते!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आत कोण राहते, हे मात्र कोणी विचारत नाही. कोठाराची खोली झाली, त्यात मादाम बेर्त कोलिने राहतात. टोप्या शिवून त्यांची नजर मंदावली. मागच्या अंगणाकडे एक हातभर झरोका आहे, तेवढाच उजेड. भर दुपारी दिवा लावून त्या कांदे चिरतात.

गेल्या हिवाळ्यात खालच्या खाणावळीला आग लागली आणि जिना धुराने भरला. मादाम वर अडकल्या. बंबवाल्यांनी नेमकी मलाच शिडी लावली. गाएताँ नावाच्या जवानाने दाणकन कुऱ्हाड घातली.

"साहेब, ही भिंत आहे!" तो वरून ओरडला.

"काय बरळतोस? ढळढळीत पडदा दिसतोय!" खालून साहेब खेकसले.

"पडदा रंगवलाय हो! आत बाई खोकतायत!"

मी काय करणार होते? मला उघडता येत नाही. शेवटी जवानांनी ओले कांबळे गुंडाळून मादामना त्याच धुरातून खाली आणले. वाचल्या, पण छाती कायमची अधू झाली.

दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या कचेरीला साकडे घातले. तिथले अधिकारी मस्यू देल्वँकूर जातीने पाहणीला आले.

"इथे भिंत फोडून खरी खिडकी बसवा," मादाम म्हणाल्या. "दिसेल अगदी अशीच."

"दिसेल हो, पण ती नवी असेल. हे चित्र अस्सल आहे, मादाम."

"आणि मी काय नकली आहे?"

मस्यूंनी खाकरून विषय बदलला. पुढच्याच आठवड्यात परांची बांधून माझी कुऱ्हाडीची जखम बुजवली, पडद्याला नवा रंग दिला, वर माझ्यावर झोत सोडणारा दिवा बसवला! बाहेर मी झगझगते आणि आत ती म्हातारी चाचपडत चहाचा कप शोधते. संताप संताप होतो माझा.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी "आम्हाला जपा" म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. मला खुशाल फोडा. माझ्यामागे एक माणूस राहते, त्याला जपा.